पूर्वजांना पुन्हा विचारू नये

माझे वडील जानेवारीत गेले. मागे राहिलं ते एक अर्धवट पुस्तक, एक जुना लॅपटॉप आणि त्यांचा एक थोरला भाऊ. लॅपटॉप चालू होतो की नाही ते बघावं लागलं. भावाचं तसं काही बघावं लागत नाही.

पुस्तक म्हणजे आमच्या शाखेची वंशावळ. भूमापन कार्यालयात छत्तीस वर्षं नोंदी केल्यावर माणसानं निवृत्तीत मासे धरावेत. बाबांनी पूर्वज धरले. सहा वर्षं ते कसर लागलेल्या जुन्या वह्यांतून एकेक नाव उचलून टाइप करत होते. तीन हजार चारशे बारा माणसं. एप्रिलच्या सुरुवातीला कबरी झाडायला सगळे जमतात, त्या दिवशी पुस्तक छापून घरोघर द्यायचं ठरलं होतं. बाबांनी तारीख चुकवली. आयुष्यात पहिल्यांदाच.

मार्चच्या मध्यावर आमच्या गावाहून, शीलुओहून, मोठ्या काकांचा फोन आला.

"आ-छ्यू, तू लायब्ररीत आहेस ना?"

"हो."

"मग ये. कॉम्प्युटरचं काम आहे."

मी तायचुंगच्या एका ग्रंथालयात जुने कागद सांभाळते. कॉम्प्युटरशी माझा संबंध एवढाच, की तो बिघडल्यावर कुणाला बोलवायचं ते मला माहीत आहे. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. घरातली उरलेली वासरं सत्तरीच्या पुढची, आणि एकुलता एक खरा इंजिनियर, म्हणजे काकांचा मुलगा पो-युआन, शिनचूच्या कारखान्यात चिप बनवतो आणि फक्त फोनवर भेटतो.

मला काय हवं होतं ते आधीच सांगते, म्हणजे मी फार उदात्त हेतूनं गेले असा कुणाचा समज नको व्हायला. आमच्या वंशावळीत मुली लिहीत नाहीत. ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली एकच शब्द येतो: थांबली. म्हणजे शाखा. मी बाबांची एकुलती एक मुलगी. माझं नाव पुस्तकात यावं अशी मला हौस नव्हती. माझं नाव बऱ्याच ठिकाणी नाही आणि माझं काही अडलेलं नाही. मला फक्त बाबांच्या नावाखाली तो शब्द नको होता. सहा वर्षं सगळ्यांना जोडत बसलेल्या माणसाला त्याच्याच पुस्तकात थांबवायचं, हे मला जरा जास्त वाटत होतं. बाबांनी स्वतः ती जागा मोकळी सोडली होती. 'थांबली' लिहिलं नव्हतं आणि माझं नावही लिहिलं नव्हतं. भांडण नको म्हणून त्यांनी अशा बऱ्याच जागा मोकळ्या सोडल्या.

आणखी एक रीत सांगायला हवी. आम्ही जिवंतपणी लियाव आणि मेल्यावर चांग. मूळ पुरुष चांग होता, तो लियाव घरात घरजावई म्हणून आला. जगताना सासऱ्याचं नाव लावायचं आणि मेल्यावर बापाचं, असा समेट झाला. शीलुओत कुणाला याचं काही वाटत नाही. दारावरची पाटी एक, थडग्यावरची दुसरी. पोस्टमनसुद्धा गोंधळत नाही, कारण थडग्यावर पत्र येत नाही.

काकांचं घर तीन मजली, टाइल्सचं. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल, मधे झोपायच्या खोल्या, आणि सगळ्यात वर पूर्वज. पूर्वजांच्या डोक्यावर कुणी चालू नये म्हणून त्यांची खोली वरच्या मजल्यावर असते. ज्यानं हे ठरवलं त्याचे गुडघे चांगले असावेत. काका एकोणऐंशीचे आहेत.

मी टेबलावर लॅपटॉप उघडला. शेवटच्या महिन्यांत बाबांनी पो-युआनच्या सल्ल्यानं एक मदतनीस, म्हणजे एक हुशार प्रोग्रॅम, बसवायला घेतला होता. हा मदतनीस एका काळ्या खिडकीत राहतो. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. तुम्ही साध्या भाषेत वाक्य लिहायचं. तो फायली वाचतो, चुका शोधतो, बदल करतो. मदतनीसाचा पासवर्ड बाबांबरोबर गेला होता, त्यामुळे सगळं पहिल्यापासून बसवायचं होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला, पो-युआननं एक ओळ सांगितली, मी ती टाइप केली.

अशी आज्ञा सापडली नाही, असं उत्तर आलं.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"ओळखत नाही म्हणाला."

"आपण कोण ते सांग त्याला."

"ताई," पो-युआन फोनमधून म्हणाला, "तो बसलाय, पण कुठे बसलाय ते कॉम्प्युटरला माहीत नाही. त्याला रस्ता दाखवायला लागेल."

"स्वतःच्याच घरात?"

"हो."

"माझ्या ओळखीची अशी बरीच माणसं आहेत."

"पो-युआन," काका मधेच म्हणाले, "जेवलास का?"

"बाबा, मी मीटिंगमधून बाहेर आलोय."

"मीटिंगमध्ये देतात का जेवायला?"

रस्ता दाखवण्यात दुपार गेली. मग त्यानं ओळखपत्र मागितलं, मग माझ्या फोनवर सहा आकडे पाठवले, मग ते सहा आकडे मी टाइप करेपर्यंत शिळे झाले म्हणाला. काकू, म्हणजे मोठ्या काकांच्या पत्नी ऱ्वेइ-शिया, पेरूच्या फोडी करून ठेवून गेल्या. या घरात कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर चिरलेलं फळ हे असतं. चार वाजता काळ्या खिडकीत एक लहानशी रेघ लुकलुकायला लागली आणि मदतनीस म्हणाला की तुम्हाला भेटून आनंद झाला.

"नम्र आहे," काका म्हणाले.

बाबांच्या फोल्डरमध्ये एक छोटी सूचनांची फाईल होती. मदतनीस काम सुरू करताना दर वेळी ती आधी वाचतो. पो-युआनकडे कारखान्यात अशी फाईल चाळीस पानांची असते म्हणे. बाबांची तीन ओळींची होती:

एक, कुठलाही बदल करण्याआधी विचारावं. दादांना विचारलेलं आवडतं.

दोन, घाई करू नये.

तीन, नियमाला अपवाद केला तर त्याचं कारण आणि अपवाद करणाऱ्याचं नाव पुस्तकात नोंदवावं.

तिसरी ओळ निव्वळ भूमापन कार्यालय. पहिली ओळ माझे वडील. मी ती दोनदा वाचली आणि पेरूची एक फोड खाल्ली.

पहिल्या ओळीमुळेच सगळं सुरू झालं. मदतनीसानं विचारलं: मी या फोल्डरमधल्या फायली वाचू का? खाली तीन पर्याय होते. एक, हो. दोन, हो, आणि पुन्हा विचारू नये. तीन, नाही. मी एक दाबायला बोट पुढे केलं.

"थांब," काका म्हणाले. "कुणाला विचारतोय तो?"

"आपल्याला."

"आपण कोण हो म्हणणार? पुस्तक त्यांचं आहे." त्यांनी छताकडे बोट केलं.

आणि ते जिना चढून गेले. पूर्वजांच्या खोलीत कौलाची दोन लाकडं असतात, चंद्रकोरीसारखी, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर. प्रश्न विचारून ती जमिनीवर टाकायची. एक सपाट, एक फुगीर पडलं तर हो. दोन्ही फुगीर वर तर नाही. दोन्ही सपाट वर तर पूर्वज हसले, प्रश्न नीट विचारा.

बऱ्याच वेळानं जिन्यातून आवाज आला. "हसले."

"मग?"

"परत विचारतो. फोल्डर म्हणजे काय सांगू त्यांना?"

"पेटी म्हणा."

फायली वाचायची परवानगी मिळायला पंचवीस मिनिटं लागली. मी लॅपटॉप वर आणू का म्हणून विचारलं. काका म्हणाले, पूर्वजांसमोर वायरी नकोत, आणि तसंही वर वायफाय पोचत नाही. हे दुसरं कारण मला पटलं.

दुसऱ्या दिवशी मदतनीसानं अकरा प्रश्न विचारले. पूर्वज सातांना हो म्हणाले, दोनांना नाही, दोनदा हसले. तारखा एकाच पद्धतीनं लिहू का, याला नाही. पानांना आकडे घालू का, याला हो, पण तिसऱ्या प्रयत्नात. काका उतरले की मदतनीसाचा पुढचा प्रश्न तयार असायचा, आणि चहा अर्धा ठेवून ते पुन्हा चढायचे. जिन्याच्या मधल्या वळणावर काकूंनी एक प्लास्टिकचं स्टूल नेऊन ठेवलं.

त्याच दुपारी मदतनीसाला वाटलं की त्याला मोठी चूक सापडली. त्यानं लिहिलं: या पुस्तकात दोन हजारांहून जास्त माणसांचं आडनाव चांग आहे आणि बाकीच्यांचं लियाव. ही टाइप करतानाची चूक दिसते. मी सगळ्यांना लियाव करू का?

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"सगळ्या मेलेल्यांना जिवंत करतो म्हणतोय?"

"चूक दुरुस्त करतोय."

"त्याला म्हणावं, तुझं आडनाव काय ते आधी सांग."

मी सूचनांच्या फाईलमध्ये आमची रीत लिहिली. त्यानं लगेच उत्तर दिलं: तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हे त्याचं आवडतं वाक्य. कुणी काहीही म्हटलं तरी तो आधी हेच म्हणतो. काकांना ते फार आवडलं. घरात इतक्या वेळा हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पुढे त्यानं लिहिलं: या रीतीप्रमाणे एका नोंदीत बदल हवा. लियाव ताइ-शुन यांच्या मृत्यूचा दाखला फोल्डरमध्ये आहे, पण आडनाव अजून लियाव आहे. चांग करू का?

बाबांचा दाखला मीच आदल्या दिवशी तिथे ठेवला होता.

काका उठले. या खेपेला स्टुलावर न बसता सरळ वर गेले. लाकडं पडल्याचा आवाज मला तळमजल्यावर ऐकू आला, किंवा तसं वाटलं. ते वरून काही ओरडले नाहीत. सावकाश उतरून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पहिल्याच फेकीत." मी एक दाबलं. बदल झाला, असं त्यानं लिहिलं. पाव सेकंदसुद्धा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी नियमांची पाळी आली. मदतनीसाला सगळं पुस्तक एका शिस्तीत लावायला नियम लेखी हवे होते. काकांनी चष्मा लावला. सांगताना ते माझ्याकडे न बघता चहाच्या किटलीकडे बघत होते.

"लिही. मुलगे वयाच्या क्रमानं."

"लिहिलं."

"दत्तक मुलगा सख्ख्यासारखा."

"लिहिलं."

"मुली लिहायच्या नाहीत."

"हं."

"ज्याला मुलगा नाही, त्याच्याखाली 'थांबली' लिहायचं. त्याच्या पुढे काही लिहायचं नाही."

मी टाइप करायची थांबले. "काका, मग बाबांच्या खाली काय?"

"नियम आहे तो. मी केलाय का?"

"कुणी केलाय?"

"जुना आहे."

"जुना म्हणजे केवढा?"

"आ-छ्यू, तुझे वडील असते तर त्यांनी असे प्रश्न विचारले नसते."

"नसतेच विचारले. म्हणून तर जागा मोकळी आहे."

काकांनी किटली उचलून माझ्या कपात चहा ओतला. कप भरलेलाच होता. "हे बघ, दुसऱ्या घरात मुलगा जास्त असता तर कागदावर तुझ्या वडिलांना देता आला असता. पण पो-युआनला दोन मुलीच."

"मग पो-युआनचीही शाखा थांबणार."

"पो-युआन अजून तरुण आहे."

पो-युआन शेहेचाळीसचा आहे. त्याच्या बायकोनं दुसऱ्या मुलीनंतर सासऱ्यांना एका वाक्यात काय सांगितलं होतं ते सगळ्या शीलुओला माहीत आहे. मी ते बोलले नाही. मी नियम टाइप केला, शब्दन् शब्द, स्वल्पविरामासकट. मला भांडता आलं असतं. पण मी बाबांचीच मुलगी. हे मी अभिमानानं सांगत नाहीये.

त्यावर मदतनीस म्हणाला की हे नियम लावायला साधारण तीनशे चाळीस बदल करावे लागतील, आणि सूचनेप्रमाणे तो प्रत्येक बदलाआधी विचारेल.

काकांनी जिन्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वजांविषयी थोडासा कंटाळा दिसला.

"तीनशे चाळीस," ते म्हणाले.

"गुणिले तीन मजले," मी म्हणाले.

पो-युआनला फोन लावला. "बाबा, दुसरा पर्याय घ्या ना," तो म्हणाला. "हो, आणि पुन्हा विचारू नये. आम्ही सगळे तेच घेतो."

"सगळे?"

"पहिल्या दिवशी सगळे वाचून एक दाबतात. दुसऱ्या दिवसापासून न वाचता दोन."

"आणि काही बिघडलं तर?"

"तर मीटिंग होते."

काकांनी विचार केला. पूर्वजांना न विचारता त्यांना विचारायचं बंद करणं हे बरं दिसलं नसतं. तेव्हा ते शेवटचं म्हणून वर गेले, हे विचारायला, की यापुढे विचारलं नाही तर चालेल का. एवढ्या मोठ्या गोष्टीला एक होकार पुरत नाही, लागोपाठ तीन लागतात. काकू जिन्याच्या पायथ्याशी हात पुसत उभ्या राहिल्या. पहिला होकार आला, दुसरा आला. मग बराच वेळ काही नाही. मग काकांचा आवाज, दमलेला पण समाधानी: "तीन."

"बहुतेक तेही कंटाळले होते," उतरल्यावर ते म्हणाले. "दाब."

मी दोन दाबलं.

ओळी भराभर पळायला लागल्या. बघून काही कळत नव्हतं, म्हणून आम्ही जेवायला बसलो. काकूंनी वाटीत वाफवलेल्या तांदळाच्या वड्या केल्या होत्या, वरून इथला दाट सोया सॉस. काका खुशीत होते. बाबांना लहानपणी एकट्यानं दोन वाट्या संपवायची सवय होती आणि वर तिसरी कुणी खाल्ली म्हणून विचारलं की ते मोठ्या भावाकडेच बोट दाखवायचे, असं त्यांनी सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. बाबांनी कधी कुणाकडे बोट दाखवलं असेल, यावर माझा विश्वास बसेना. मी ती गोष्ट ठेवून घेतली.

जेवून परत आलो तर खिडकी शांत होती. मी वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण हसू आवरून वाचायला जरा वेळ लागला.

"झालं का?" काकांनी विचारलं.

"झालं. तुमचे नियम सगळ्या पिढ्यांना सारखेच लावलेत म्हणतोय."

"उत्तम. किती माणसं?"

"एक."

"एक काय?"

"पुस्तकात एक माणूस आहे."

काकांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि स्क्रीनवर वाकले. पहिल्या पानावर मूळ सासरा, आमचा आद्य लियाव, एकटाच. त्याच्याखाली: थांबली. त्याखाली कोरं पान, आणि मग मागचं मुखपृष्ठ. मदतनीसानं कारण व्यवस्थित लिहिलं होतं. पहिल्या पुरुषाला मुलगा नाही. त्याला एक मुलगी, जिच्यासाठी घरजावई आणला. मुली लिहायच्या नाहीत. मुलगा नसेल तिथे शाखा थांबते. थांबलेल्या शाखेखाली काही लिहायचं नाही. त्यामुळे बाकीची तीन हजार चारशे अकरा माणसं नियमात बसत नाहीत आणि ती काढून टाकली आहेत. आणखी काही मदत हवी आहे का?

काका खाली बसले.

"आपण सगळे?"

"सगळे."

"मी?"

"तुम्ही, बाबा, पो-युआन. वरचेसुद्धा."

"सहा वर्षांचं काम होतं त्याचं," काका म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना बाबांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी ऐकलं होतं, त्यानंतर आत्ताच. त्यांची बोटं टेबलावर काहीतरी चाचपत होती, पण तिथे काही नव्हतं.

मी जुने कागद सांभाळते. कशालाही हात लावण्याआधी प्रत काढून ठेवायची, ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट. सगळं पुस्तक रोज सकाळी मी एका वेगळ्या डिस्कवर उतरवत होते आणि ती माझ्या पर्समध्ये होती. हे मी काकांना लगेच सांगितलं नाही. किती वेळ सांगितलं नाही, तर एक कप चहा निवेल इतका. मग मला त्यांच्या बोटांकडे बघवेना आणि मी सांगितलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. लगोलग आवाजही परत आला.

"हे यंत्रच मूर्ख आहे."

"त्यानं तुमचं ऐकलं. शब्दन् शब्द."

"पहिल्याची गोष्ट वेगळी. अक्कल नको का?"

"आणि पूर्वज तीनदा हो म्हणाले."

"ते न विचारण्याला हो म्हणाले, याला नाही."

"न विचारण्याला हो म्हटलं की असंच होतं, काका. पो-युआन सांगत होता, मग मीटिंग होते."

काकू येऊन टेबलाच्या टोकाला बसल्या. हातात फळ नव्हतं.

"ठीक आहे," काका म्हणाले. "मीटिंग. लिही, पहिल्या पिढीला अपवाद. तिथली मुलगी धरायची. नंतरच्या नाहीत."

मी प्रतीवरून पुस्तक परत आणलं, मदतनीसाचं विचारणं पुन्हा चालू केलं आणि तसं लिहिलं. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मदतनीस म्हणाला. सूचना तीनप्रमाणे अपवादाचं कारण आणि अपवाद करणाऱ्याचं नाव पुस्तकात छापलं जाईल. कृपया सांगा.

"छापलं जाईल? सगळे वाचतील?"

"बाबांची सूचना आहे. काढू का?"

काका बाबांच्या त्या तीन ओळींवर वाकले. "दादांना विचारलेलं आवडतं," त्यांनी हळूच वाचलं. मग घसा साफ केला. "राहू दे. लिही, अपवाद करणार लियाव ताइ-हे. कारण..." ते अडले. "कारण, ती आपली मूळ आई आहे."

"ते नातं झालं. कारण विचारतोय तो. मुलगी असून का धरायची?"

"कारण... घरात मुलगा नव्हता. होती ती मुलगीच होती. आणि तिनं मागचं सगळं केलं. अजून काय लिहायचं असतं?"

मी तेच टाइप केलं: घरात मुलगा नव्हता, मुलगी होती, आणि तिनं मागचं सगळं केलं.

रेघ लुकलुकली. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हेच कारण पुस्तकात आणखी एक्केचाळीस ठिकाणी लागू पडतं. तिथेही लावू का? खाली यादी होती, जुन्या वह्यांच्या समासात बाबांना मिळालेल्या मुलींची. कुठे नाव, कुठे नुसतंच 'थोरली'. पिढ्यांच्या क्रमानं. शेवटची ओळ मृत्यूच्या दाखल्यावरून घेतलेली होती: चांग ताइ-शुन, मुलगी एक.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली नाही. काकांना दिसतच होती.

जानेवारीत इस्पितळाच्या त्या तीन आठवड्यांत काका रोज संध्याकाळी बसनं यायचे आणि खुर्चीत बसून बाबांना गावातल्या बातम्या सांगायचे. रात्री तिथे मी असायचे. कागदांवर सही माझी, राख उचलली ती मी. काका उठले, जिन्याकडे गेले, कठड्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता हे वर जाणार, लाकडं टाकणार, दोन्ही फुगीर पडणार आणि संपलं. पूर्वजांनी पानांच्या आकड्यांना दोनदा अडवलं होतं. मला त्यांचा भरवसा नव्हता.

ते पहिल्या पायरीवर थांबले. मग वळले.

"आता विचारता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"त्यांनीच सांगितलंय. तीनदा. पुन्हा विचारू नका म्हणून." ते परत येऊन खुर्चीत बसले आणि फार कडक चेहऱ्यानं माझ्याकडे बघू लागले. "मोठ्यांनी एकदा नाही सांगितलं की नाही. परत परत जाऊन विचारणं हा उद्धटपणा होतो."

"हो, काका."

"आपला नाइलाज आहे."

"हो."

"मग बघत काय बसलीस?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "अपवाद करणाऱ्याचं नाव तुमचं आहे. तुम्ही दाबा."

त्यांनी तर्जनी बाहेर काढली, आकड्यांच्या ओळीवर फिरवली आणि एक दाबलं, आवाज येईल इतक्या जोरात. खिडकीत ओळी पळाल्या आणि थांबल्या. बाबांच्या नावाखालची मोकळी जागा भरली. लियाव यिन-छ्यू, मुलगी, हयात. मी ते वाचलं आणि मला अपेक्षा होती तसं फारसं काही वाटलं नाही. फक्त आता तिथे दुसरा कुठला शब्द बसायला जागा उरली नव्हती, एवढं दिसलं.

"हयात कशाला लिहितो?" काका म्हणाले. "दिसतंय की."

"पद्धत आहे."

"पो-युआनच्याही दोघी घाल मग. एवीतेवी चाललंच आहे तर."

"पो-युआन अजून तरुण आहे," मी म्हणाले.

"घाल म्हणतो ना."

मी घालत असताना काकू उठून आत गेल्या. आतल्या कपाटाचं दार वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा चौकोनी डबा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत एक पातळ वही होती, दोऱ्यानं बांधलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. वर चुंग घराण्याचं नाव होतं. काकूंचं माहेर.

"आ-छ्यू," त्या म्हणाल्या, "हा दुसऱ्यांच्या पुस्तकावर चालतो का गं?"

"कशावरही चालतो."

त्यांनी शेवटचं पान उघडलं. तिथे त्यांच्या वडिलांचं नाव होतं आणि खाली तोच शब्द, कुणाच्या तरी सुंदर अक्षरात.

"आम्ही चौघी बहिणी," त्या म्हणाल्या. "मी तिसरी."

"अगं," काका म्हणाले, "तुझ्या माहेरच्यांना विचारायला नको का आधी?"

"कुणाला विचारू?" काकूंनी पानावर बोट ठेवलं. "कुणी उरलं नाही, असं लिहिलंय ना इथे."

काकांनी ताटलीतली पेरूची एक फोड उचलली. मी नवा फोल्डर उघडला, त्यात सूचनांची एक कोरी फाईल ठेवली आणि खुर्ची काकूंकडे सरकवली.